अंडाशयाचा कर्करोग आणि रुग्णाच्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा प्रतिसाद : एक विवेचन

प्रस्तावना

वसई पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या परिसरात सातिवलीचा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. लहानमोठ्या गाळ्यांमधून दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या भोवती वाढलेल्या चाळी, हे येथील नित्याचे दृश्य होय. अशा वस्तीतील पन्नाशीची एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. काही आठवड्यांपासून तिचे पोट फुगते, चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, लघवीला वारंवार जावे लागते, परकराची नाडी सैल करावी लागते. घरातील माणसे त्याला गॅस म्हणतात, शेजारीण पाळी जाण्याच्या वयाचा त्रास म्हणते, जवळच्या दवाखान्यातून आम्लपित्ताची गोळी मिळते. काही महिन्यांनी सोनोग्राफीत पोटात पाणी साचल्याचे व अंडाशयावर गाठ असल्याचे दिसते आणि वसई रोडहून दादर, तेथून परळ असा प्रवास सुरू होतो. त्याच वेळी घरात आणखी एक वाक्य उच्चारले जाते : "तिची प्रतिकारशक्तीच कमी पडली." मग ती शक्ती वाढवण्यासाठी काढे, चूर्णे आणि महागडी पूरक औषधे घरात येऊ लागतात.

ही समजूत शास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांतील संशोधनाचा आढावा घेतला असता वेगळे चित्र दिसते. या रोगात प्रतिकारक पेशी बहुधा गैरहजर नसतात. पुष्कळ रुग्णांत त्या कर्करोगाला ओळखतात आणि गाठीपर्यंत पोहोचतातही, परंतु तेथे त्यांना रोखले जाते. म्हणजे प्रश्न शक्तीच्या अभावाचा कमी आणि अडवणुकीचा अधिक आहे. हा भेद केवळ तात्त्विक नाही. रुग्णाने कोणता उपचार घ्यावा, कशावर पैसा खर्च करावा आणि कशापासून दूर राहावे, हे त्यावर अवलंबून असते.

रोगाचे स्वरूप आणि विलंबाचे कारण

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार जगात त्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे सव्वातीन लाख नव्या रुग्णांची भर पडली आणि दोन लाखांहून अधिक स्त्रिया या रोगाने दगावल्या. भारतातील नव्या रुग्णांचा अंदाज सुमारे ४७ हजारांचा होता. नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंचे हे प्रमाण मोठे आहे आणि त्याचे प्रमुख कारण उशिरा होणारे निदान हे होय.

या रोगाचा सर्वाधिक आढळणारा आणि घातक प्रकार तीव्र श्रेणीचा सीरस कर्करोग या नावाने ओळखला जातो. नावात अंडाशय असले तरी त्याचा उगम पुष्कळदा अंडनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी होतो, असे आता मानले जाते. हे टोक उदरपोकळीत उघडते. तेथून सुटलेल्या कर्कपेशींना वाटेत कोणतीही भिंत आडवी येत नाही. त्या पर्युदरावर, म्हणजे उदराच्या आतील पातळ आवरणावर, आणि वपाजालावर, म्हणजे आतड्यांवर पडद्यासारख्या पसरलेल्या चरबीच्या घडीवर, सहज रुजतात. पोटात जागा पुष्कळ असल्याने गाठ मोठी होईपर्यंत ठळक वेदना होत नाही. पुढे पोटात द्रव साचू लागतो. त्यालाच जलोदर म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि अंडाशयाचा कर्करोग हे दोन भिन्न रोग आहेत. पहिल्याच्या बाबतीत मुंबईने जगाला एक धडा दिला. टाटा स्मारक केंद्राच्या वतीने डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी मुंबईतील झोपडपट्ट्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. अंडाशयाच्या बाबतीत अशी चाळणी उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये २,०२,६३८ स्त्रियांवर झालेल्या दीर्घ चाचणीत रक्ततपासणी आणि सोनोग्राफी वापरूनही या रोगाचे मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. गर्भाशयमुखाची पॅप तपासणी निर्दोष आली म्हणजे अंडाशयही निर्दोष आहे, असे मानता येत नाही.

रोगप्रतिकार यंत्रणेतील प्रमुख घटक

पुढील विवेचन समजण्यासाठी काही पेशींचा परिचय करून घ्यावा लागतो. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या कुटुंबात टी-पेशी, बी-पेशी, नैसर्गिक मारक पेशी, महाभक्षक पेशी आणि डेंड्रायटिक पेशी यांचा समावेश होतो.

डेंड्रायटिक पेशींचे काम खबर देण्याचे असते. बदललेल्या पेशीतील प्रथिनांचे तुकडे, म्हणजेच प्रतिजन, उचलून त्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तेथे टी-पेशींना दाखवतात. टी-पेशींपैकी सीडी-८ हा प्रथिनरूपी शिक्का बाळगणाऱ्या पेशी लक्ष्यपेशीला चिकटतात आणि तिच्या आवरणाला छिद्रे पाडून तिला मरणाच्या मार्गाला लावतात. त्यांना मारक टी-पेशी म्हणतात. सीडी-४ हा शिक्का असलेल्या पेशींपैकी काही साहाय्यक असतात, तर काही नियामक. नैसर्गिक मारक पेशींना पूर्वओळखीची आवश्यकता नसते. महाभक्षक पेशी जंतू आणि मृत पेशी गिळतात व जखम भरून येण्यासही मदत करतात.

नियामक टी-पेशींचे महत्त्व विशेष आहे. जपानमधील शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींचा प्रभावी पुरावा मांडला. प्रतिकार यंत्रणेने स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करू नये, यासाठी या पेशी लगाम घालतात. या विषयातील संशोधनासाठी साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निरोगी शरीराला हा लगाम आवश्यक असतो. कर्करोग तोच लगाम आपल्या सोयीसाठी वापरतो.

महाराष्ट्रातील अभ्यासाची परंपरा

कर्करोग आणि प्रतिकार यंत्रणा यांच्या संबंधाचा अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाच्या कार्याचा पाया घातला. रुग्णाच्या शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करणे ही पुढील सर्व संशोधनाची पूर्वअट होती. या केंद्राचे उत्तराधिकारी असलेल्या संशोधन संस्थेत डॉ. सुधा गांगल यांनी कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्राचे दालन समृद्ध केले. खारघर येथील केंद्रात डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी गॅमा-डेल्टा नावाच्या टी-पेशींवर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या गटाने २०१६ मध्ये पित्ताशयाच्या कर्करोगासंबंधी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष येथे उद्बोधक ठरतो. गॅमा-डेल्टा टी-पेशींमध्ये कर्कपेशींना मारण्याची क्षमता असते. तथापि त्यांपैकी इंटरल्युकिन-१७ हे रसायन स्रवणाऱ्या पेशी गाठीच्या वाढीस हातभार लावतात, असे त्या अभ्यासात आढळले. प्रतिकारक पेशी म्हटली की ती रुग्णाच्याच बाजूने लढते, हे गृहीत धरता येत नाही.

अंडाशयाच्या कर्करोगासंबंधी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील कार्यही उल्लेखनीय आहे. डॉ. शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी प्रगत अवस्थेतील एका रुग्णाच्या जलोदरातील द्रवातून पेशी वेगळ्या करून वाढवल्या. त्यांत मूलपेशींसारखे गुणधर्म असलेल्या आणि नवी गाठ निर्माण करू शकणाऱ्या पेशी आढळल्याचे त्यांनी २००५ मध्ये मांडले. रसायनोपचाराने गाठ विरघळूनही रोग का उलटतो, याचा एक धागा येथे मिळतो. रुग्णाला आराम पडावा म्हणून सुईने काढलेले पोटातील पाणी वरवर टाकाऊ वाटते. प्रत्यक्षात रोगाची हालचाल त्यात नोंदलेली असते.

पेशी कोठे उभ्या आहेत, याला महत्त्व

अंडाशयाच्या गाठीतील टी-पेशींचे महत्त्व ठळकपणे पुढे आले ते २००३ मध्ये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रगत अवस्थेतील १८६ रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासले. ज्यांच्या कर्कपेशींच्या पुंजक्यांत टी-पेशी शिरलेल्या होत्या, अशा रुग्णांपैकी पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ३८ टक्के होते. ज्यांच्या पुंजक्यांत टी-पेशी नव्हत्या, त्यांच्यात ते अवघे ४.५ टक्के होते. दोन्ही गटांतील रुग्णांना रोग तोच होता, तरीही आयुष्यमानात एवढे अंतर पडले.

या निष्कर्षातील सूक्ष्म मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. गाठ म्हणजे केवळ कर्कपेशींचा गोळा नसतो. कर्कपेशींचे पुंजके आणि त्यांच्या भोवतीचे आधारऊतक अशी तिची रचना असते. काही रुग्णांत टी-पेशी या आधारऊतकापर्यंत येतात, पण पुंजक्याच्या आत जात नाहीत. उंबरठ्यापर्यंत आलेल्या माणसाने घरात पाऊल टाकू नये, तशी ही अवस्था असते. त्यामुळे रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची एकूण संख्या किती आली, यावरून या लढतीचा अंदाज बांधता येत नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ५,५७७ रुग्णांच्या नमुन्यांवर हेच तपासून पाहिले. तीव्र श्रेणीच्या सीरस प्रकारात गाठीच्या आत सीडी-८ पेशी मुळीच न आढळलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य निदानानंतर २.८ वर्षे होते. ज्यांच्यात या पेशी सर्वाधिक होत्या, त्यांच्यात ते ५.१ वर्षे होते. हे आकडे गटाचे असतात आणि एखाद्या व्यक्तीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही, याचे भान मात्र ठेवले पाहिजे.

काही गाठींत या पेशी शिरतात आणि काहींत का शिरत नाहीत, याचे उत्तर अंशतः गाठीच्या जनुकांत आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाठींच्या जनुकीय विश्लेषणात पी-५३ या रक्षक जनुकातील बिघाड ९६ टक्के नमुन्यांत आढळला. जनुकांच्या कार्यशीलतेनुसार पाडलेल्या चार उपप्रकारांपैकी एकाला प्रतिकार-सक्रिय असे नावच देण्यात आले. ज्या गाठींत बीआरसीए जनुकांच्या दोषामुळे डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही, त्यांत चुकीची प्रथिने अधिक निर्माण होतात आणि म्हणून त्या टी-पेशींच्या नजरेत येण्याची शक्यताही वाढते.

अडवणुकीच्या पद्धती

पहिली पद्धत लगामाच्या गैरवापराची. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या १०४ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की, कर्कपेशी आणि गाठीतील महाभक्षक पेशी सीसीएल-२२ नावाचे रसायन स्रवतात. त्याच्या ओढीने नियामक टी-पेशी गाठीकडे येतात आणि मारक पेशींना शांत करतात. गाठीत नियामक पेशी जितक्या अधिक, तितके रुग्णाचे आयुष्य कमी, असा संबंध दिसून आला. पुढच्याच वर्षी ११७ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासाने या दोहोंच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. नियामक पेशींच्या तुलनेत सीडी-८ पेशी अधिक असलेल्या गटाचे मध्यक आयुष्य ५८ महिने, तर उलट स्थितीतील गटाचे २३ महिने आढळले. पेशींच्या नुसत्या संख्येबरोबर त्यांच्यातील समतोलही पाहावा लागतो, हा या अभ्यासाचा बोध होय.

दुसरी पद्धत पक्षांतराची. जलोदरातील द्रवात महाभक्षक पेशी विपुल असतात. तेथील इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा अशा रसायनांच्या प्रभावाखाली त्या मारण्याचे काम सोडून जखम भरण्याचे काम करू लागतात. नव्या रक्तवाहिन्यांना उत्तेजन देणे आणि ऊतकांची वाढ घडवणे, ही जखमेसाठी हितकर असलेली कामे गाठीसाठी पोषक ठरतात.

तिसरी पद्धत थकव्याची. टी-पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा ग्राही असतो. कर्कपेशी किंवा महाभक्षक पेशी त्याला जुळणारे पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करतात आणि टी-पेशीला थांबण्याचा संकेत मिळतो. सतत असा संकेत मिळालेली टी-पेशी जिवंत असते, परंतु निष्क्रिय होते. अंडाशयाच्या गाठीत पीडी-एल१ अधिक असल्यास आयुष्यमान कमी असते, असे जपानमधील हमानिशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नोंदवले.

चौथी पद्धत ढालीची, आणि ती रुग्णांच्या परिचयाच्या एका नावाशी जोडलेली आहे. रुग्णांच्या फाइलमध्ये सीए-१२५ हा रक्ततपासणीचा आकडा असतो आणि नातेवाईक त्याच्या चढउताराकडे डोळे लावून बसतात. हे म्यूक-१६ नावाच्या लांबलचक, शर्करायुक्त प्रथिनाचे रूप आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील मनीष पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, हे प्रथिन नैसर्गिक मारक पेशीला कर्कपेशीच्या निकट संपर्कात येऊ देत नाही. मारक पेशीचा घाव बसण्यासाठी दोन्ही पेशींची आवरणे एकमेकांना भिडावी लागतात, आणि हे प्रथिन मध्ये उभे राहते. ज्या पदार्थाचे मोजमाप डॉक्टर रोगाचा माग काढण्यासाठी करतात, तोच पदार्थ कर्कपेशीचे रक्षणही करत असतो.

निदानातील एक स्थानिक अडचण

भारतीय परिस्थितीत याच पेशींमुळे निदानात घोटाळा होण्याचा संभव असतो. पोटाच्या क्षयरोगातही जलोदर होतो, वजन घटते, पर्युदरावर गाठी दिसतात आणि सीए-१२५ वाढू शकते. क्षयरोगाच्या द्रवात लसिकापेशी प्रामुख्याने असतात, परंतु कर्करोगाच्या द्रवातही त्या आढळतात. त्यामुळे केवळ सीए-१२५ वाढले म्हणून कर्करोग ठरवणे जितके चुकीचे, तितकेच केवळ लसिकापेशी दिसल्या म्हणून क्षयरोगाची औषधे सुरू करून महिनोन्महिने वाट पाहणेही घातक ठरते. द्रवातील पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, एडीए या विकराचे मोजमाप आणि आवश्यक तेथे बायोप्सी, यांच्या एकत्रित आधारेच निर्णय घ्यावा लागतो.

उपचारांची सद्यःस्थिती

शस्त्रक्रियेने शक्य तितकी गाठ काढणे आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही रसायने देणे, हा आजही उपचाराचा कणा आहे. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांना पार्प-रोधक गोळ्यांचा चांगला लाभ होतो. म्हणून या रोगात जनुकीय तपासणीचे महत्त्व वाढले आहे.

थांबण्याचा संकेत तोडणारी औषधे शोधण्यास ज्यांच्या संशोधनाने वाट करून दिली, त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांत या औषधांनी मोठे यश दिले. अंडाशयाच्या कर्करोगाने मात्र निराशा केली. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध एकट्याने दिलेल्या ३७६ रुग्णांच्या चाचणीत सुमारे ८ टक्के रुग्णांतच गाठ लक्षणीय आकसली. ॲव्हेलुमॅबच्या ५६६ रुग्णांच्या चाचणीतही आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. वर वर्णिलेल्या अडवणुकीच्या अनेक पद्धती एकाच वेळी कार्यरत असल्याने त्यांपैकी एकच अडसर दूर करून भागत नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. प्लॅटिनम औषधांना दाद न देणाऱ्या, उलटलेल्या रोगात पेम्ब्रोलिझुमॅब पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीने दिल्यास पीडी-एल१ असलेल्या गाठींच्या रुग्णांचे आयुष्य वाढते, असा निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाला. हा लाभ मर्यादित आहे, परंतु दिशा दाखवणारा आहे.

रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना नवा ग्राही बसवून परत देण्याची कार-टी पद्धतीही चर्चेत आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित झालेल्या अशा उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. तो बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी व लसिका-कर्करोगांसाठी आहे, अंडाशयाच्या कर्करोगासाठी नाही. रक्तातील कर्कपेशी टी-पेशींना सहज भेटतात. अंडाशयाच्या घट्ट गाठीत मात्र बाहेरून पाठवलेल्या पेशींनाही तोच उंबरठा ओलांडावा लागतो.

"प्रतिकारशक्ती वाढवणे" या कल्पनेची मर्यादा

वरील विवेचनाच्या प्रकाशात प्रारंभीच्या समजुतीकडे पुन्हा वळता येईल. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतील पाण्यासारखी एकच एक मात्रा नव्हे. तिच्यात मारणाऱ्या पेशी आहेत तशा रोखणाऱ्याही आहेत, आणि पक्ष बदलणाऱ्याही आहेत. सरसकट "वाढवण्याच्या" प्रयत्नाने यांपैकी काय वाढेल, हे सांगता येत नाही. करोना साथीच्या काळातील एक अनुभव या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्या इजेचे स्वरूप प्रतिकार यंत्रणेने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाशी असहमती दर्शवली, हेही नमूद केले पाहिजे. वाद बाजूला ठेवला तरी, रसायनोपचार घेणाऱ्या स्त्रीचे यकृत आधीच ताणाखाली असते, हे निर्विवाद आहे. तिने कोणतेही पूरक औषध डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. नामांकित प्रतिकार-औषधांनीही लगाम सैल झाल्यावर अवटू ग्रंथी, आतडी आणि फुप्फुसे यांना दाह होतो. लगाम तोडण्याची किंमत असते, म्हणूनच ते काम देखरेखीखाली करावे लागते.

या समजुतीचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. "तुझीच शक्ती कमी पडली" या वाक्यात रुग्णावर नकळत दोष येतो. नीट जेवली नाही, उपास फार केले, स्वतःकडे लक्ष दिले नाही, असे बोल तिला ऐकावे लागतात. वस्तुतः तिच्या गाठीत तिच्याच टी-पेशी पोहोचलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. २००३ च्या अभ्यासात निम्म्याहून अधिक नमुन्यांत त्या आढळल्या होत्या.

समारोप

अंडाशयाच्या कर्करोगात रुग्णाचे शरीर स्वस्थ बसलेले नसते. प्रतिकारक पेशी रोग ओळखतात, गाठीपर्यंत येतात, काही आतही शिरतात. नियामक पेशींचा लगाम, महाभक्षक पेशींचे पक्षांतर, थांबण्याचे संकेत आणि म्यूक-१६ ची ढाल यांमुळे त्यांचे काम अपुरे राहते. यापुढील संशोधनापुढे हे अडथळे एकत्रितपणे दूर करण्याचे आव्हान आहे. ते साध्य होईपर्यंत वेळेवर निदान, पूर्ण शस्त्रक्रिया आणि नियमित रसायनोपचार यांनाच पर्याय नाही. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असल्याने पूरक औषधांवर पैसा घालवण्यापूर्वी त्या योजनेची चौकशी करणे अधिक हिताचे ठरते.

महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका येथे महत्त्वाची आहे. त्यांच्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या आया सातिवलीसारख्या वस्त्यांतील गाळ्यांमध्ये काम करतात. पोट फुगणे, लवकर पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, लघवीची वारंवार घाई होणे, ही लक्षणे गेल्या वर्षभरात नव्याने सुरू झालेली असतील आणि महिन्यातील बारांहून अधिक दिवस जाणवत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्यावी. बहुतेक वेळा कारण साधे निघेल. आई, मावशी किंवा बहीण यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. विज्ञान, वाणिज्य वा कला, शाखा कोणतीही असो, एवढी माहिती एका तासिकेत विद्यार्थ्यांपर्यंत आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या घरापर्यंत पोहोचू शकते.